आधी जाळी, मग कार्ट्रिज : थर्मोस्टॅटिक शॉवरबद्दल वाचकांचे प्रश्न

सातारा-सांगलीकडून आलेली या वेळची बरीच पत्रं एकाच वस्तूभोवती फिरतात : मुठीवर अंशांचे आकडे असलेला, ३८ वर लावला की पाणी ३८ अंशांवरच धरून ठेवणारा शॉवर मिक्सर. तक्रारी वेगवेगळ्या आहेत, पण प्लंबरचं उत्तर बहुतेकांना एकच मिळालेलं दिसतं : ‘कार्ट्रिज गेलं.’ म्हणजे गरम-गार पाण्याचं प्रमाण राखणारा, मिक्सरच्या आतला बदलता येणारा भाग बिघडला. ते दरवेळी खरं नसतं.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी फ्लॅटमध्ये थर्मोस्टॅटिक वॉल मिक्सर बसवला. सुरुवातीला झकास चालला. आता मूठ ४२ वर नेली तरी पाणी कोमटच, आणि धारही बारीक झाली आहे. बेसिनच्या नळाला मात्र कढत पाणी येतं. प्लंबर म्हणतात, कार्ट्रिज बदला, नाहीतर अख्खा मिक्सरच बदला. खर्चात पडण्याआधी काय पाहावं?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रात ‘धारही बारीक’ हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. नुसतं कार्ट्रिज बिघडलं तर तापमान चुकतं, धार सहसा कमी होत नाही. धार आणि गरमपणा एकदमच कमी झाले असतील, तर गरम बाजूची गाळणी तुंबली आहे असं आधी धरून चालायचं.

कारण असं. कार्ट्रिजच्या आत पितळी डबीत मेण आणि तांब्याची पूड भरलेली असते. मिसळलेलं पाणी या डबीवरून वाहतं. पाणी तापलं की मेण फुगतं, दांडी पुढे सरकते, गरम पाण्याची फट लहान होते आणि गारची मोठी. पाणी निवलं की मेण आकसतं आणि स्प्रिंग सगळं मागे ढकलते. हे सरकणं जेमतेम मिलिमीटरच्या आसपासचं. आता गरम बाजूने पुरेसं पाणीच आलं नाही, तर तापमान राखायला मिक्सरकडे एकच उपाय उरतो : गार पाणी आवळणं. म्हणून धार बारीक आणि पाणी कोमट. बिचारं कार्ट्रिज आपलं काम नीट करत असतं.

गरम बाजूच का तुंबते? पाणी तापलं की त्यातला विरघळलेला चुना बाहेर पडतो, ६० अंशांच्या वर तर भराभर. गीझरच्या टाकीतली खपली सुटते आणि थेट मिक्सरच्या जाळीत येऊन बसते. तुमच्या इमारतीत नदीच्या पाण्यात बोअरचं पाणी मिसळत असतील तर तीन वर्षं म्हणजे उलट उशीरच झाला.

काम घरी करता येतं. साहित्य : पाना (शक्यतो गुळगुळीत जबड्याचा अॅडजस्टेबल), जुना टूथब्रश, चिमटा, पाऊण इंची दोन नवे वॉशर, किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्त्व ५० ग्रॅम आणि एक लिटर कोमट पाणी.

गीझरचं बटण बंद करा. गीझरच्या इनलेटचा अँगल कॉक बंद करा. गार पाण्याच्या ढकलण्यानेच गीझरमधलं गरम पाणी बाहेर येतं, त्यामुळे इनलेट बंद केला की गरम लाइनही थांबते. मग बाथरूमच्या गार लाइनचा स्टॉप कॉक बंद करा आणि खालचा नळ उघडून दाब काढून टाका. मोरीच्या जाळीवर फडकं टाका, नाहीतर पहिला वॉशर तिथेच जाणार. मिक्सर ज्या दोन लेगवर (भिंतीतून बाहेर आलेल्या जोडनळ्यांवर) बसला आहे, त्यांच्या मोठ्या नटांवर कापड गुंडाळून दोन्ही नट आळीपाळीने सैल करा. एकच नट पूर्ण काढला तर दुसऱ्या लेगवर ताण येतो आणि भिंतीतला जोड हलतो. मग गळती टाइल्सच्या मागे सुरू होते आणि ती महिनाभर कोणाला कळत नाही.

मिक्सर हातात आला की दोन्ही तोंडांत डोकावा. वॉशरला चिकटून किंवा त्याच्या मागे बारीक जाळी असते, तिच्याही मागे बोटाच्या पेराएवढा प्लॅस्टिकचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. दोन्ही चिमट्याने ओढून काढा, पण कोणता कोणत्या दिशेने होता याचा आधी फोटो घ्या. जाळी ब्रशने घासा आणि लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. बुडबुडे थांबले म्हणजे चुना संपला. रात्रभर भिजत ठेवू नका, क्रोमची चकाकी जाते. आणि संडास धुवायचं अॅसिड इथे अजिबात नको : ते क्रोम खातं आणि पितळही पोखरतं.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्हची परीक्षा तोंडाने होते. स्वच्छ धुऊन एका बाजूने फुंका, हवा जायला हवी. दुसऱ्या बाजूने फुंका, अजिबात जाता कामा नये. मधली टिकली रिफिलच्या टोकाने दाबून सोडली की टपकन परत यायला हवी. अडकत असेल तर नवा घाला. वस्तू छोटी आहे, पण पुढच्या एका पत्रातला सगळा गोंधळ तिनेच घातला आहे.

परत बसवताना नटाच्या आट्यांना टेफ्लॉन टेप लावू नका. तिथे पाणी वॉशर अडवतो, टेप नुसती नट वाकडा बसवते. हाताने घट्ट करा, मग पान्याने पाव वेढा. भिंतीतल्या अर्ध्या इंची आट्यांना हात लावला असेल तरच तिथे टेप.

इतकं करूनही धार जोरात पण पाणी कोमटच आलं, तर गीझरचा आकडा बघा. वीज वाचवायला बरेच जण गीझर ४५ वर ठेवतात. थर्मोस्टॅटिक मिक्सरला येणारं गरम पाणी मिसळलेल्या पाण्यापेक्षा किमान दहा-बारा अंशांनी जास्त लागतं. म्हणजे ४० अंशांची अंघोळ हवी तर गीझर ५५ ते ६० वर हवा.

प्रश्न : जाळ्या, व्हॉल्व्ह सगळं साफ केलं. तरीही आकडा ३८ आणि पाणी चटका बसेल असं. मूठ फिरवली तरी फरक पडायला मिनिटभर लागतो. कार्ट्रिज घरी बदलता येईल का? मिक्सर भिंतीच्या आत आहे, टाइल फोडावी लागेल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या बाबतीत मात्र कार्ट्रिजच. पाण्याला प्रतिसाद मंद झाला म्हणजे सरकता भाग चुन्याने जखडला आहे. लावलेल्या आकड्यापेक्षा पाणी दिवसेंदिवस वर चढत असेल, तर डबीतलं मेण झिरपलं असावं : मेण कमी, फुगणं कमी, आणि गरमची फट उघडीच. पहिला दोष धुऊन जाऊ शकतो, दुसरा नाही. ओळखायचं कसं? काढलेलं कार्ट्रिज अर्धा तास लिंबूसत्त्वात ठेवा, स्वच्छ धुवा, परत बसवून पाहा. आकडा आणि पाणी जुळलं तर दोन-चार वर्षं निघतील. नाही जुळलं तर नवं आणा. कार्ट्रिज दिसायला सारखी असली तरी आपसांत चालत नाहीत, म्हणून मिक्सरचा मॉडेल नंबर, जुन्या कार्ट्रिजवर कोरलेला आकडा आणि शक्य असेल तर जुना नग बरोबर न्या. गावात मिळालं नाही तर पुणे-कोल्हापूरहून मागवण्यात चार दिवस जातील, तोवर जुनंच साफ करून लावून ठेवता येतं.

टाइल फोडायची गरज नाही. भिंतीतल्या मिक्सरचं कार्ट्रिज पुढूनच निघतं.

पाणी आणि वीज आधी सांगितल्याप्रमाणे बंद करा. मुठीच्या खालच्या बाजूला बारीक भोक असतं, त्यात ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू). बहुतेक ठिकाणी २.५ किंवा ३ मिलिमीटरची अॅलन की लागते. मूठ सरळ ओढा. चुन्याने धरली असेल तर लिंबूसत्त्वात भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा, पण पेचकसाने उचकटू नका. मुठीमागे प्लॅस्टिकची खाचांची रिंग दिसेल. हीच ३८ वर मूठ अडवते. ती कोणत्या खाचेत आहे याचा फोटो घ्या आणि मार्करने रेघ मारा. लोक इथेच चुकतात, आणि मग नवं कार्ट्रिज ‘खराब निघालं’ म्हणून परत नेतात.

त्यामागे पितळी नट. तो बरोबर मापाच्या रिंग पान्याने किंवा बॉक्स पान्याने उघडा. पाइप पान्याने कडा गोल झाल्या की पुढच्या वेळी खरोखर भिंत फोडावी लागेल. नट निघाला की कार्ट्रिज किंचित डावी-उजवी हलवत सरळ बाहेर ओढा. थोडं पाणी सांडेल, ते आतलंच असतं. सारखं वाहत राहिलं तर कॉक नीट बंद नाही, थांबा.

आतली पोकळी ओल्या कापडाने पुसा. सुरी, पॉलिश पेपर नको : तिथे ओरखडा पडला की कोणतीही ओ-रिंग पाणी धरत नाही. नव्या कार्ट्रिजच्या ओ-रिंगांना सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा. घरात असतं म्हणून व्हॅसलिन किंवा गाडीचं ग्रीस लावलं जातं. या रिंगांचं रबर बहुधा ईपीडीएम असतं, ते खनिज तेलाने फुगतं आणि काही महिन्यांत मऊ पडतं. कार्ट्रिजवरची खूण आणि बॉडीतली खाच जुळवूनच आत ढकला. नट हाताने लावा, मग थोडाच आवळा. आधी गार, मग गरम कॉक हळूहळू उघडा. एकदम उघडलं तर सुटलेला कचरा नव्या कार्ट्रिजमध्येच घुसतो.

आता आकडा जुळवणं. मूठ न लावता गीझर पूर्ण तापू द्या, शॉवर पूर्ण उघडा, स्वयंपाकाचा किंवा प्रयोगशाळेचा थर्मामीटर धारेत धरा. तापाचा थर्मामीटर नको, तो ४२ च्या वर जात नाही. कार्ट्रिजची दांडी थोडी थोडी फिरवा आणि दर वेळी अर्धा मिनिट थांबा, कारण मेणाला सावरायला वेळ लागतो. पाणी ३८ वर स्थिर झालं की दांडी न हलवता रिंग आणि मूठ अशी बसवा की ३८ चा आकडा खुणेसमोर येईल. स्क्रू आवळा. मग मुठीवरचं, ३८ ची अडवणूक सोडवणारं बटण दाबून मूठ पुढे नेऊन पाहा. बऱ्याच मिक्सरमध्ये वरच्या टोकालाही दुसरी अटक लावता येते. ती ४३-४४ वर लावून टाका.

भिंतीवरच्या चकतीभोवती सिलिकॉन भरताना खालची बाजू मोकळी सोडा. आत कधी गळलं तर पाणी खालून बाहेर दिसलं पाहिजे.

प्रश्न : घर बैठं, वर टाकी आणि सोलर. थर्मोस्टॅटिक शॉवरसाठी गार लाइनवर प्रेशर पंप लावला. तेव्हापासून गच्चीवर सोलरच्या व्हेंट पाइपमधून (टाकीतली हवा जायच्या उघड्या नळीतून) पाणी सांडतं आणि लख्ख ऊन पडूनही सकाळी सोलरचं पाणी कोमट असतं. सोलरवाले म्हणतात नळ्या बदला.
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : नळ्यांचा काही दोष दिसत नाही. तुमचं गार पाणी मिक्सरमधून उलटं सोलरच्या टाकीत चढतं आहे.

शॉवर बंद करणारी चावी बहुतेक मिक्सरमध्ये पाणी मिसळल्यानंतरच्या बाजूला असते. म्हणजे शॉवर बंद असला तरी आत गरम आणि गार लाइन एकमेकींना भेटलेल्याच असतात. त्यांना वेगळं ठेवतात ते फक्त दोन नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. तुमच्याकडे गार बाजूला पंपाचा दाब आहे आणि गरम बाजूला निव्वळ टाकीची उंची. दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब, या हिशेबाने बैठ्या घरात शॉवरपाशी पाव बारच्या आसपास. एवढ्या फरकात गरम बाजूच्या व्हॉल्व्हखाली वाळूचा एक कण जरी अडकला तरी पाणी रात्रभर उलटं जात राहतं आणि व्हेंटमधून सांडतं.

खात्री अशी करा. शॉवर बंद. सोलरकडून घरात येणारा व्हॉल्व्ह बंद. पंप चालू ठेवून बेसिनची गरम चावी उघडा. पाइपातलं राहिलेलं पाणी आलं की धार थांबायला हवी. वाहतच राहिली, तर कुठून तरी गार पाणी गरम लाइनीत शिरतं आहे. शॉवरवर ठपका ठेवण्याआधी संडासातल्या जेट स्प्रेकडेही बघा : तो जर सिंगल लिव्हर मिक्सरला जोडला असेल आणि मिक्सर उघडा ठेवून नुसता स्प्रेचा खटका सोडत असाल, तर तिथेही हाच प्रकार होतो.

गरम बाजूचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बदला, बाण मिक्सरकडे. पण खरा इलाज दाब सारखा करणं. सोलरची टाकी साधी, व्हेंट असलेली आहे, त्यामुळे पंप चुकूनही तिच्या आधी लावू नका. टाकीची शिवण उघडू शकते. गरम लाइनवर, सोलरच्या नंतर, गरम पाण्यासाठी बनवलेला दुसरा पंप लावा, गारच्या पंपाएवढ्याच दाबाचा. साधा पंप लावला तर उन्हाळ्यात ७०-८० अंशांच्या पाण्याने त्याचं सील जाईल. दुसरा पंप नको असेल तर गारचा पंपही काढून कमी दाबाचा मिक्सर बघा. युरोपीय मानकांत त्याचा क्रमांक ईएन १२८७, जास्त दाबाच्याचा ईएन ११११. खोक्यावर हे छापलेलं असलं तर निवड सोपी होते.

प्रश्न : २५ लिटरचा गीझर आहे. हिवाळ्यात पाच-सहा मिनिटांत पाणी गार पडतं. मिक्सरचा दोष?
— एक वाचक, मिरज

उत्तर : हिशेबाचा दोष. गार पाणी २० अंश, गीझर ६० अंश, अंघोळ ३८ अंश धरली, तर मिश्रणात ४५ टक्के पाणी गरम लागतं. २५ लिटरचं साधारण ५५ लिटर होतं. शॉवर मिनिटाला ८ लिटर देत असेल तर सात मिनिटं, मोठा गोल छत्रीसारखा शॉवर १२ लिटर देत असेल तर साडेचार. शॉवरखाली बादली धरून मिनिटाचं माप काढा. छत्रीऐवजी हँड शॉवर वापरला तर पैसे न घालता वेळ वाढेल.

प्रश्न : गॅस गीझरवर थर्मोस्टॅटिक शॉवर लावला. गरम, गार, गरम, गार असं चालतं.
— एक वाचक, वाई

उत्तर : गीझर फार तापवला आहे. खूप गरम पाणी मिळालं की मिक्सर ते थोडंसंच घेतो. गीझरमधला प्रवाह ठरावीक मर्यादेखाली गेला की बर्नर विझतो. गार पाणी आलं की मिक्सर गरमची फट उघडतो, प्रवाह वाढतो, बर्नर पेटतो, आणि पुन्हा तेच. गीझरचा नॉब कमी करून पाणी ५० अंशांच्या आसपास आणा, शॉवरमध्ये पाणी वाचवणारी चकती असेल तर काढा. आणि गीझर बाथरूमच्या आत असेल तर शॉवरचं नंतर बघू, आधी तो बाहेर हलवा. गॅस जळताना कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होऊ शकतो, तो बंद खोलीत साचतो आणि त्याला वास नसतो.

प्रश्न : घरात ऐंशीच्या आजी आणि दोन वर्षांची नात. हा मिक्सर असला म्हणजे भाजण्याची भीती नाही ना?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मिक्सर धड असेल तोवर. ६० अंशांच्या पाण्याने प्रौढ माणसाची कातडीसुद्धा पाच सेकंदांच्या आसपास गंभीर भाजते. ५० अंशांना काही मिनिटं मिळतात. आजींची आणि बाळाची कातडी पातळ, त्यांना आणखी कमी. म्हणून वर्षातून एकदा ही चाचणी करा : शॉवर बादलीत सोडा, ३८ वर स्थिर होऊ द्या, मग दुसऱ्याला गारचा स्टॉप कॉक एकदम बंद करायला सांगा. चांगला मिक्सर दोन-तीन सेकंदांत धार जवळजवळ तोडतो, फार तर थेंब पडतात. कढत पाणी वाहत राहिलं तर त्या दिवसापासून बादलीची अंघोळ, कार्ट्रिज बदलेपर्यंत. चाचणीत हात धारेखाली घालू नका. गीझर ६० वरच ठेवा आणि मिक्सरची वरची अटक मात्र ४० वर लावा.

प्रश्न : शॉवर बंद केल्यावरही थेंब थेंब गळतो.
— एक वाचक, तासगाव

उत्तर : पाच-दहा मिनिटं गळून थांबत असेल तर तो छत्रीत राहिलेल्या पाण्याचा निचरा, दोष नव्हे. तासाभरानेही गळत असेल तर चालू-बंदच्या मुठीखालचं सिरॅमिक डिस्कचं कार्ट्रिज बदला. तापमानाचं कार्ट्रिज वेगळं असतं, दुकानात चुकून ते घेऊ नका.

प्रश्न : आमच्याकडे बारा महिने बोअरचं पाणी. भांड्यांवर पांढरे डाग पडतात. थर्मोस्टॅटिक घ्यावा का?
— एक वाचक, जत

उत्तर : आधी पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो असं धरलं आहे. पिण्याचं हे माप मिक्सरसाठी नाही, पण अंदाज येतो. २०० च्या आत असाल तर खुशाल घ्या. ३००-४०० असेल तर सॉफ्टनरसकट (पाण्याचा कठीणपणा कमी करणाऱ्या यंत्रासकट) घ्या, नाहीतर दर चार-सहा महिन्यांनी जाळ्या काढायची तयारी ठेवा. ६०० च्या वर असेल तर आमचं स्पष्ट मत : साधा दोन चाव्यांचा वॉल मिक्सर बरा, स्पिंडल (चावीच्या आतला फिरता भाग) बदललं की झालं. काससारख्या पावसाच्या तलावाचं पाणी मिळणाऱ्या सातारकरांचं गणित वेगळं, ते जतला लागू नाही.

घेतलाच तर दर महिन्याला शॉवर चालू ठेवून मूठ पूर्ण गारपासून पूर्ण गरमपर्यंत पाच-सहा वेळा फिरवा, त्या वेळी शॉवरखाली कोणी नको. एकाच आकड्यावर वर्षभर उभा राहिलेला मिक्सर तिथेच जखडतो.

प्रश्न : पुरानंतर नळाला गढूळ पाणी येतं. मिक्सर वाचवायला काय करावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : २०१९ च्या ऑगस्टसारखा कृष्णेचा पूर असो किंवा नुसती टाकी धुणं असो, मिक्सरकडे जाणारे दोन्ही कॉक आधी बंद करा. पाणी सुरू झालं की सर्वांत खालचा नळ, ज्याच्या तोंडाला जाळी नाही असा, उघडून ठेवा. पांढऱ्या बादलीत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत वाहू द्या. गीझरच्या तळाचा ड्रेन उघडून तोही रिकामा करा, पण गीझर बंद करून आणि आतलं पाणी निवल्यावर. आणि पुन्हा पूर्ण भरून गरम नळातून अखंड धार येईपर्यंत त्याचं बटण लावू नका, रिकामा गीझर पेटवला तर कॉइल जळते. मग मिक्सरचा गार कॉक, मग गरम. आठवड्याने जाळ्या एकदा काढून बघा.